मुंबईत उतरायचे कुठे?

उन्हाळी सुटी जवळ आली की सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी, सोलापूर, बार्शी, लातूर अशा गावांतील आपल्या घरांतून एक बेत हमखास शिजू लागतो. यंदा मुलांना मुंबई दाखवायची. समुद्र दाखवायचा, राणीची बाग दाखवायची, वाळकेश्वरच्या आदीश्वर भगवंतांचे दर्शन घडवायचे, आणि जमल्यास मंगळदास मार्केटात एक फेरी मारून दुकानाची खरेदीही उरकायची. गाडीची तिकिटे मिळतात. चार दिवस दुकानाच्या गल्ल्यावर कोणी बसायचे हेही ठरते. आणि मग सारा बेत एका साध्या प्रश्नापाशी येऊन थबकतो : मुंबईत उतरायचे कुठे?

एका पिढीपूर्वी हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नसे. गिरगावातल्या किंवा लालबागच्या एखाद्या चाळीत मामाचे, मावशीचे, आत्याचे बिऱ्हाड असे. दोन खोल्यांचे घर, बाहेर सामाईक गॅलरी आणि मजल्याच्या टोकाला सामाईक नळ. तरीही पाच पाहुणे आठ दिवस सुखाने राहून जात. रात्री पुरुष मंडळी गॅलरीत अंथरूण टाकीत, बायका-मुले आत झोपत. आज त्या चाळींपैकी कित्येक पाडून तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. कुटुंबे बोरिवली, विरार, डोंबिवलीकडे गेली. नाती तुटलेली नाहीत. परंतु विरारच्या घरी उतरून दररोज गिरगाव पाहावयास येणे म्हणजे सुटीचा निम्मा वेळ लोकलमध्ये घालवणे होय.

राहता राहिले हॉटेल. तेथे खोली दोन माणसांच्या हिशेबाने दिली जाते. आजी-आजोबा, नवरा-बायको आणि दोन मुले अशा कुटुंबाला दोन खोल्या घ्याव्या लागतात, आणि तीन रात्रींचे भाडे सर्वांच्या जाण्यायेण्याच्या खर्चाच्या कितीतरी पुढे जाते. अशा वेळी घरातील वडीलधारे माणूस शांतपणे म्हणते, "आपली धर्मशाळा आहे ना!"

ते खरेच आहे. मुंबईसारख्या महागड्या नगरीत कुटुंबासह माफक खर्चात राहण्याची सोय आजही प्रामुख्याने धर्मशाळा, वाड्या आणि यात्रिक निवासच करतात. परंतु धर्मशाळेची खोली आणि स्वस्त हॉटेलची खोली या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हॉटेलची खोली पैसे मोजून आपली होते. धर्मशाळेची खोली कोणीतरी, कधीतरी, आपल्याला न ओळखता आपल्यासाठी राखून ठेवलेली असते, आणि ती केवळ आपल्यासाठीच राखलेली नसते. सुटीचा बेत आखताना हा भेद ध्यानी घेतला, तर कोठे उतरावे आणि कोठे उतरू नये, हे दोन्ही आपोआप उलगडते.

व्यापाऱ्यांनी बांधलेले उतारे

दक्षिण मुंबईची घडण ज्या व्यापाऱ्यांनी केली, त्यांतील बहुतेक स्वतः बाहेरगावाहून आलेले होते. सुरत, पाटण, खंभात, कच्छ, काठियावाड, मारवाड येथून आलेला मनुष्य प्रथम उतरे तो आपल्या ज्ञातीच्या वाडीत किंवा पेढीच्या माडीवर. ओळख झाली, धंदा बसला, हाती चार पैसे आले, की त्याच्या मनात येई की आपल्यामागून येणाऱ्यालाही उतरावयास जागा हवी. त्यामुळे भुलेश्वर, काळबादेवी, पायधुनी, गिरगाव या पट्ट्यात बाजार आणि देवालये यांच्या जोडीनेच धर्मशाळा वाढल्या.

या उदारतेचा एक टप्पा असा की तिने मुक्या जिवांनाही वगळले नाही. भुलेश्वरचा पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाला. त्यात भायखळ्याचे आदिनाथ मंदिर उभारणारे शेठ मोतीशा आणि सर जमशेटजी जीजीभाई यांचा पुढाकार होता. एक जैन आणि एक पारसी अशा दोन व्यापाऱ्यांनी मिळून मोकाट व वृद्ध जनावरांना निवारा दिला. त्याच्या जवळच माधवबाग आहे. लक्ष्मीनारायणाचे मंदिर, सभांचे विस्तीर्ण आवार आणि धर्मशाळा अशी ही वास्तू वरजीवनदास माधवदास यांच्या कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उभारली.

याच परिसरात, सी. पी. टँक येथे, हिराबाग आहे. सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल यांचा तलाव. तलाव केव्हाच बुजला, नाव मात्र राहिले. हिराबाग बांधली दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद झवेरी यांनी, आणि तिला नाव दिले आपल्या वडिलांचे. माणिकचंदांचा जन्म १८५१ चा, सुरतेचा. मोत्यांच्या व्यापारात त्यांनी मोठे नाव मिळविले. परंतु समाजाने त्यांना लक्षात ठेवले ते वेगळ्या कारणासाठी. बाहेरगावचा विद्यार्थी शहरात आला तर त्याने राहावे कोठे, आणि यात्रिक आला तर त्याने उतरावे कोठे, या दोन प्रश्नांचा ध्यास त्यांनी घेतला होता. जैन विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृहे उभारली आणि यात्रिकांसाठी हिराबाग. १९०२ साली स्थापन झालेल्या भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीचा कारभारही हिराबागेतून चालत आला. पंडित नाथूराम प्रेमी यांच्या हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयाची कित्येक पुस्तके ज्या पत्त्यावरून देशभर गेली, तो पत्ताही हिराबागच. माणिकचंद १९१४ साली निवर्तले. त्यानंतर वर्षभरातच, १९१५ साली, आचार्य विजयवल्लभसूरी यांच्या प्रेरणेने श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली. गवालिया टँकवरील त्याच्या वसतिगृहाने पुढे कित्येक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांना मुंबईत आसरा दिला.

गवालिया टँकचीच आणखी एक गोष्ट. डिसेंबर १८८५ मध्ये राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यास भरावयाचे होते. तेथे पटकीची साथ आली आणि ऐन वेळी ते मुंबईस हलवावे लागले. देशभरातून येणाऱ्या ७२ प्रतिनिधींना जागा कोठून मिळाली? गोकुळदास तेजपाल या भाटिया शेठजींच्या धर्मादायातून उभ्या राहिलेल्या संस्कृत पाठशाळेने आणि तिच्या बोर्डिंगने आपल्या इमारती खुल्या करून दिल्या. म्हणजे राष्ट्रीय सभेचा पहिला मुक्कामही एका व्यापाऱ्याच्या दानाच्या छपराखाली पडला.

गावदेवीचे मणिभवन आज संग्रहालय म्हणून आपण पाहावयास जातो. ते घर रेवाशंकर जगजीवन झवेरी यांचे होते. हे रेवाशंकरभाई म्हणजे डॉ. प्राणजीवन मेहतांचे वडीलबंधू आणि श्रीमद् राजचंद्रांचे व्यापारातील भागीदार. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधींचा मुंबईतील मुक्काम प्रामुख्याने याच घरी असे. १९१९ च्या सत्याग्रहाची सूत्रे येथूनच हलली. एका जवाहिऱ्याने मित्राला उतरण्यास जागा दिली, आणि त्या जागेचा इतिहास झाला. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहाचेही तसेच. ते भाड्याने खोल्या देणारे उतारगृह होते. लोकमान्य टिळक मुंबईत आले की तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तेथेच.

गिरणगावाची रीत

गिरगावाहून उत्तरेकडे लालबाग, परळकडे वळले की चित्र पालटते. येथे शेठजींची धर्मशाळा नव्हती. येथे कोकणातून, घाटावरून आलेला गिरणीकामगार होता. त्याने आपली सोय आपणच लावली. एका गावचे पुरुष मिळून एक खोली घेत. तिला गावकीची खोली म्हणत. भाडे सर्वांनी वाटून भरायचे, प्रत्येकाची एक पत्र्याची ट्रंक आणि एक वळकटी. दिवसपाळीचा मनुष्य कामावर गेला की रातपाळीहून परतलेला त्याच जागी अंथरूण टाकी. गावाहून कोणी दवाखान्यासाठी, नोकरीसाठी किंवा नुसती मुंबई पाहण्यासाठी आला, तरी त्याची पथारी त्याच खोलीत पडे. जेवण खाणावळीत. कामगारांना जेवू घालणाऱ्या या खाणावळवाल्या बहुतांशी गरजू, एकट्या पडलेल्या स्त्रिया होत्या. त्यांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणीकामगार उतरले. त्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या. गिरण्यांच्या जमिनींवर मनोरे आणि मॉल आले. त्यांच्याबरोबर गावकीच्या खोल्याही विरळ झाल्या. लालबाग, परळ आज महागड्या वस्त्या आहेत. मात्र एक गोष्ट हललेली नाही. परळची मोठी रुग्णालये जेथे होती तेथेच आहेत. केईएम १९२६ चे, टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले. देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण तेथे येतच आहेत, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे नातेवाईकही.

ही खोली कोणाची?

येथे आपल्या सुटीच्या बेताची गाठ एका गंभीर गोष्टीशी पडते.

कर्करोगाच्या रुग्णाला पुष्कळदा किरणोपचार घ्यावे लागतात. ते आठवड्यातून पाच दिवस, आणि अनेकदा पाच-सहा आठवडे चालतात. प्रत्येक वेळी उपचार काही मिनिटांचाच असतो. रुग्णालयात खाट मिळत नाही आणि तिची आवश्यकताही नसते. परंतु दररोज तेथे पोहोचावे लागते. विदर्भातला शेतकरी, बिहारमधला मजूर, आपल्याच जिल्ह्यातला एखादा छोटा दुकानदार दीड महिना मुंबईत राहणार कोठे? हॉटेलचे भाडे त्याच्या आवाक्यात नसते. परळच्या रुग्णालयांबाहेर पदपथावर बिछाने टाकून राहिलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे उत्तर वेगळे सांगावयास नको. औषधाची सोय होते, शस्त्रक्रियेसाठी देणगी मिळते, आणि राहण्यास जागा नाही म्हणून उपचार अर्धवट सोडून माणसे गावी परततात.

ही उणीव काही थोर संस्थांनी ओळखली. संत गाडगे महाराजांनी आयुष्यभर खराटा हाती घेऊन गावे झाडली, आणि मिळालेल्या पैशांतून पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी गोरगरिबांसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतःसाठी मात्र त्यांनी एक झोपडीही बांधली नाही. त्यांच्या नावाची दादर पूर्वेची धर्मशाळा आज मुख्यतः कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदनही असेच काम करीत आहे. येथे जात, धर्म, प्रांत विचारला जात नाही. रुग्णालयाचा कागद पाहिला जातो.

आपल्या शास्त्रकारांनी निवाऱ्याला किती वरचे स्थान दिले आहे, हे येथे आठवते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात दानाचे चार प्रकार सांगितले : आहार, औषध, उपकरण आणि आवास. हे चारही त्यांनी वैयावृत्त्य म्हणजे सेवा या शीर्षाखाली घेतले. श्वेतांबर परंपरेतील नऊ पुण्यांत अन्न आणि पाणी यांच्या पाठोपाठ लयन पुण्य आणि शयन पुण्य येते. म्हणजे राहण्यास जागा देणे आणि निजण्यास अंथरूण देणे. कोणत्याही परंपरेने पाहिले तरी उतरण्यास दिलेली जागा ही अन्न आणि औषध यांच्या पंक्तीला बसते.

मग सुटीसाठी जाणाऱ्या कुटुंबाने धर्मशाळेत उतरूच नये काय? असे मुळीच नाही. धर्मशाळा यात्रिकासाठी आहे, आणि भगवंतांचे दर्शन घेत शहर पाहणारा प्रवासी हाही यात्रिकच. आपल्यातील कित्येक कुटुंबांना मुंबई दाखविण्याचा दुसरा मार्गच नसतो. आपल्याच दुकानातील मुनीम, दिवाणजी, काउंटरवरचा मुलगा यांच्या घरीही मुले असतात आणि त्यांनाही समुद्र पाहावयाचा असतो. त्यांच्यासाठी धर्मशाळेची खोली म्हणजे सहल होणे किंवा न होणे यांतील अंतर. ज्याला हॉटेल सहज परवडते त्याने ऐन मे महिन्यात ती खोली अडवली, तर वंचित होणारा बहुधा असाच कोणीतरी असतो. म्हणून प्रश्न हक्काचा नाही, क्रमाचा आहे. आधी रुग्ण, मग ज्याला दुसरा पर्याय नाही तो, आणि मग आपण. जागा मोकळी असेल तर आपण अवश्य उतरावे. तसे पाहिले तर मोकळी खोली बंद ठेवल्याने संस्थेचा काहीच लाभ नाही.

बेत कसा आखावा

हा क्रम मनाशी ठेवला की व्यवहाराच्या गोष्टी सोप्या होतात.

पहिली गोष्ट विभागाची. सहलीसाठी परळ आणि दादर येथील रुग्णनिवासांकडे वळूच नये. तेथे चौकशीचा दूरध्वनीही करू नये. यात्रिकांच्या धर्मशाळा पाहावयाच्या त्या गिरगाव, सी. पी. टँक, भुलेश्वर, पायधुनी या पट्ट्यात. दर्शन, बाजार आणि चौपाटी यांपैकी बहुतेक तेथून पायी अंतरावर आहे. ज्यांना हॉटेल घ्यावयाचे आहे त्यांना दादर सोयीचे. तेथे मध्य आणि पश्चिम या दोन्ही रेल्वे मिळतात. ऑक्टोबर २०२५ पासून आरे ते कफ परेड अशी संपूर्ण भुयारी मेट्रो सुरू झाल्याने दादरहून गिरगाव किंवा काळबादेवीला गर्दी टाळून जाता येते. व्यापाराच्या कामासाठी एकट्याने येणाऱ्याने रेल्वेच्या विश्रांतिकक्षांचा आणि मुंबई सेंट्रल व छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस येथील पॉड हॉटेलांचा विचार करावा. अनेक धर्मशाळांत एकट्या माणसाला खोली देत नाहीत. त्यामुळे ही सोय त्याला अधिक उपयोगी.

दुसरी गोष्ट दिवसांची. मे महिना आणि दिवाळीनंतरचा आठवडा सर्वांनाच हवा असतो. शाळेची सुटी सांभाळून जून उजाडण्यापूर्वीचे शेवटचे दिवस किंवा नाताळ सोडून डिसेंबर निवडला तर खोली मिळणे सुकर होते. भाद्रपदात मात्र बेत आखू नये. दशलक्षण पर्व आणि गणेशोत्सव हे दोन्ही त्याच शुक्ल पक्षात येतात. धर्मशाळांची सभागृहे तेव्हा आराधनेसाठी लागतात, आणि लालबाग, गिरगावचे रस्ते दर्शनार्थींनी भरून वाहतात.

तिसरी गोष्ट चौकशीची. निघण्यापूर्वी धर्मशाळेच्या पेढीशी प्रत्यक्ष बोलावे. काही वास्तू विशिष्ट समाजापुरत्या असतात, काही सर्वांना खुल्या असतात. हे आधीच विचारलेले बरे. खोली आहे की सामाईक हॉल, स्नानगृह स्वतंत्र आहे काय, पाणी किती वाजता येते, उद्वाहन आहे की आजीला तीन जिने चढावे लागतील, मुख्य दरवाजा रात्री किती वाजता बंद होतो, दिवस चोवीस तासांचा धरतात की ठरावीक वेळेचा, आणि जास्तीत जास्त किती दिवस राहता येते, हे सर्व एका कागदावर लिहून विचारावे. बहुतेक ठिकाणी मुक्कामाची मुदत ठरलेली असते. जुनी रीत तीन दिवसांची. प्रत्येक मोठ्या माणसाचे ओळखपत्र आणि त्याची एक प्रत जवळ असावी. स्वतःच्या चादरी न्याव्यात.

चौथी गोष्ट सावधगिरीची. तीर्थक्षेत्रांच्या यात्रिक निवासांच्या नावाने बनावट संकेतस्थळे काढून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार अलीकडे वाढले आहेत. इंटरनेटवर प्रथम दिसलेल्या क्रमांकावर पैसे पाठवू नयेत. क्रमांक संस्थेच्या विश्वस्तांकडून, आपल्या गावच्या मंदिराच्या पेढीकडून किंवा मुंबईतील नातेवाइकाकडून पडताळून घ्यावा. पावती संस्थेच्या नावाची नसेल आणि पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितले जात असतील, तर तेथेच थांबावे. फसगत झालीच तर विलंब न लावता १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

पाचवी गोष्ट आहाराची. मुंबईत रात्रीभोजनत्याग पाळणाऱ्या कुटुंबाची खरी ओढाताण संध्याकाळी होते. डिसेंबरच्या आरंभी सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेअखेर सात वाजून गेल्यावर. म्हणजे हिवाळ्यात गेलात तर दुपारी साडेचारलाच परतीची वाट धरावी लागते. मुक्काम गिरगावात असेल तर हे साधते. उपनगरात असेल तर साधत नाही. भोजनशाळेचे पास पुष्कळदा आदल्या वेळी घ्यावे लागतात आणि उकळलेल्या पाण्याची वेळ ठरलेली असते. सकाळी निघतानाच हे विचारून घ्यावे. विद्यापीठाचा राजाबाई मनोरा मुलांना दाखवाल तेव्हा त्यांना एक आख्यायिका अवश्य सांगा. सुमारे २८० फूट उंचीचा हा मनोरा शेठ प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ साली पूर्ण झाला आणि त्याला त्यांच्या मातोश्रींचे नाव आहे. वृद्धापकाळी दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घड्याळाच्या टोल्यांवरून कळावी, हा त्यामागचा हेतू होता, असे सांगतात.

तीन दिवसांचा क्रम असा बसविता येईल. पहिल्या दिवशी पायी : पायधुनीचे १८१२ चे गोडीजी पार्श्वनाथ मंदिर, भुलेश्वर, पांजरापोळ, माधवबाग, मुळजी जेठा मार्केट आणि संध्याकाळी चौपाटी. दुसऱ्या दिवशी वाळकेश्वरचे १९०४ चे आदीश्वर मंदिर, मणिभवन, खोताची वाडी आणि १८९३ साली मुंबईतील पहिला सार्वजनिक गणेशोत्सव जेथे सुरू झाला ती केशवजी नाईक चाळ. तिसऱ्या दिवशी भायखळ्याचे मोतीशा शेठांचे मंदिर व राणीची बाग, आणि परतताना लालबागच्या मसाला गल्लीत वर्षाच्या तिखट-हळदीची खरेदी. राणीची बाग बुधवारी आणि घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे वार ठरविताना ध्यानी असू द्यावे.

मुक्कामाचा जमाखर्च

आपण व्यापारी मंडळी. हिशेब केल्याखेरीज आपल्याला समाधान नसते. तर एक हिशेब मांडून पाहू. समजा, हॉटेलची खोली रात्रीला ४,००० रुपये आणि धर्मशाळेची १,५०० रुपये. दोन खोल्या, तीन रात्री. हॉटेलचे झाले २४,००० आणि धर्मशाळेचे ९,०००. वाचले १५,०००. हे १५,००० रुपये आले कोठून? ते कोणा शेठजींनी शंभर वर्षांपूर्वी मोजलेल्या जमिनीच्या किमतीतून आले, त्यानंतरच्या विश्वस्तांनी विनावेतन दिलेल्या वेळातून आले, आणि आपल्याआधी उतरून गेलेल्या यात्रिकांनी पेटीत टाकलेल्या रकमेतून आले. ज्या खात्यातून उचल केली, त्या खात्यात काही जमा नको काय?

धर्मशाळेचे भाडे भरले म्हणजे दान झाले, असा एक गोड गैरसमज आपल्याकडे आहे. भाडे हे वीज, पाणी, झाडलोट आणि चौकीदाराचा पगार यांपुरते असते. बहुधा तेवढ्यालाही पुरत नाही. दान त्याहून वेगळे. वाचलेल्या रकमेतील निम्मी बाजूला काढावी, असे सुचवावेसे वाटते. वरील हिशेबाने ते ७,५०० होतात. त्यातील काही भाग आपण उतरलो त्या वास्तूच्या दुरुस्तीनिधीला द्यावा आणि उरलेला परळ-दादरच्या एखाद्या रुग्णनिवासाला. आपल्या सहलीची वाचलेली रक्कम कोणा अनोळखी रुग्णाच्या काही रात्रींचे छप्पर होईल. मुलांच्या हातून ती पावती फाडून घ्यावी. मुंबईत काय पाहिले, असे शाळेत कोणी विचारले तर समुद्र आणि वाघ यांच्या जोडीला त्यांना आणखी एक गोष्ट सांगता येईल.

दान पैशाचेच असते असेही नाही. खोली सोडताना झाडून घ्यावी, गाद्या घडी करून ठेवाव्यात, नळ बंद केला की नाही ते पाहावे. मुदतीपूर्वी निघणार असू तर पेढीवर आदल्या दिवशीच सांगावे. रात्री बाराला येणाऱ्या एखाद्या कुटुंबाला तेवढ्याने जागा मिळून जाते. व्यवस्थापकाशी ओळख काढून मुदत वाढवून घेण्याची हौस टाळावी. ओळख नसलेल्या माणसासाठीच तर ही घरे बांधली गेली.

आणि ज्यांचा व्यवसाय आज भरभराटीला आला आहे, ज्यांना स्वतःला धर्मशाळेची गरज उरलेली नाही, अशा समाजबांधवांपुढे एक विनंती. जुन्या धर्मशाळांची लाकडी जिने आणि गळकी छपरे दुरुस्तीची वाट पाहत आहेत. जमिनीचे भाव पाहता आज गिरगावात नवी धर्मशाळा बांधणे कोणा एकट्याच्या आवाक्यातले नाही. त्यामुळे असलेली एक खोली राखणे हे नवी बांधण्याइतकेच मोलाचे आहे. लग्नकार्यात, वर्षश्राद्धाला, व्यवसायाच्या वर्धापनदिनी एका खोलीच्या दुरुस्तीचा खर्च उचलावा. माणिकचंदांनी हिराबागेला वडिलांचे नाव दिले तेव्हा त्यांना ठाऊक नव्हते की सव्वाशे वर्षांनी सांगलीहून, सोलापूरहून कोण तेथे येऊन पाठ टेकणार आहे. न पाहिलेल्या पाहुण्यासाठी अंथरूण घालून ठेवणारी ती परंपरा आपल्यापर्यंत चालत आली. आता पुढच्या पाहुण्याचे अंथरूण आपण घालावयाचे आहे.